रामजींचा मुलगा, यशवंताचे वडील

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जीवनचरित्र आपल्या समाजात घरोघरी सांगितले जाते. महाडचे चवदार तळे, गोलमेज परिषद, संविधानाचा मसुदा आणि नागपूरची धम्मदीक्षा हे प्रसंग आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. या स्मरणिकेसाठी लिहिण्यास बसलो तेव्हा त्याच चरित्राकडे एका निराळ्या बाजूने पाहावे, असे आम्हांस वाटले. बाबासाहेब एका नोकरदार बापाचे पुत्र होते आणि स्वतःही पाच लेकरांचे पिता झाले. पोटासाठी व कार्यासाठी घराबाहेर राहावे लागणे आणि जीव मात्र घरात अडकलेला असणे, ही ओढाताण त्यांच्या वडिलांनी सोसली व त्यांनीही सोसली. पुढे सत्तेच्या जागी बसल्यावर याच ओढाताणीचा काही भाग हलका करणारे कायदे त्यांच्या हातून घडले.

हा विषय निवडण्यास आणखीही एक कारण आहे. निवासी शाळेच्या प्रवेशपुस्तकात प्रत्येक मुलाच्या नावापुढे वडिलांचा व्यवसाय लिहिलेला असतो. मजूर, चालक, शिपाई, कामगार, शिक्षक. भेटीच्या दिवशी यांतले काही वडील येतात ते एका दिवसाची मजुरी बुडवून. काही येऊच शकत नाहीत. दिवसभर फाटकाकडे पाहत राहिलेल्या मुलाला इतकेच कळते, की बाप आला नाही. बापाला रजा मिळाली नव्हती, हे त्याला पुष्कळ वर्षांनी उमगते. आमच्यापैकी ज्यांनी अशा वसतिगृहांतून दिवस काढले, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

बाबासाहेबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. त्यांचे वडील रामजी मालोजी सकपाळ ब्रिटिश फौजेत सुभेदार होते आणि लष्कराच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत त्यांना चौदावे अपत्य झाले, तेच भीमराव. सेवानिवृत्तीनंतर सुभेदार प्रथम दापोलीस आणि नंतर साताऱ्यास राहावयास आले. साताऱ्यात भीमाबाईंचे निधन झाले, तेव्हा धाकटा भिवा अवघा पाच-सहा वर्षांचा होता. पेन्शनीवर एवढे मोठे घर चालणे कठीण होते. सातारा जिल्ह्यातच गोरेगाव येथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तलावाचे खोदकाम काढले होते. तेथे रामजींना खजिनदाराची नोकरी मिळाली. मुले साताऱ्यास राहिली. त्यांना सांभाळावयास आत्या मीराबाई होत्या. त्या शरीराने अधू असल्यामुळे घरातले पुष्कळसे काम मुलांनाच आपसांत वाटून घ्यावे लागे.

१९०१ च्या सुमारास सुट्टी लागली तेव्हा रामजींनी मुलांना आपल्याकडे बोलावले. नवे कपडे शिवले गेले, जरीच्या टोप्या आल्या. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. पुढे काय झाले ते आपण सर्व जाणतो. जात कळताच स्टेशनमास्तर दूर सरला, गाडीवाले नाही म्हणाले, अखेर दुप्पट भाडे घेऊन एकाने गाडी दिली आणि मुलांनी स्वतः बैल हाकावेत या अटीवर तो बाजूने पायी चालला. रात्रभर कोणी पाणी दिले नाही. अस्पृश्यतेच्या क्रौर्याचे उदाहरण म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याला दुसरीही एक बाजू आहे. मुले तासन्‌तास स्थानकावर वडिलांच्या माणसाची वाट पाहत होती आणि तिकडे मुले निघाल्याचे वडिलांना ठाऊकच नव्हते. मुलांनी पाठविलेले पत्र नोकराच्या हाती पडले होते व मालकाला द्यावयाचे तो विसरला होता. पोटासाठी परगावी राहिलेल्या बापाच्या आणि त्याच्या लेकरांच्या मध्ये एका विसरलेल्या पत्राचे अंतर पडले. कामावर राहणाऱ्या बापांच्या घरी असे अंतर रोज पडत असते.

सुभेदारांनी हे अंतर पुढे आपल्या परीने भरून काढले. कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीतील एका खोलीत राहू लागले. त्या एका खोलीत संसार, सामान आणि अभ्यास. रात्री मुलाला लवकर निजवून वडील स्वतः जागत बसत आणि दोनच्या सुमारास त्याला उठवून अभ्यासास बसवीत, कारण त्याच वेळी खोलीत शांतता व पाय पसरावयास जागा असे. मुलाला एखादे पुस्तक हवे झाले आणि हाती पैसा नसला, तर मुंबईत सासरी असलेल्या लेकींकडे ते जात, उसने पैसे आणीत आणि तेही नसले तर लेकीचा दागिना मागून आणून गहाण टाकीत. पेन्शन आली की तो सोडवून परत करीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले आणि १९१२ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाले. या यशामागे मुलाच्या बुद्धीइतकाच बापाने दिलेला वेळ आहे, असे आम्ही मानतो.

दरम्यान दापोलीजवळच्या वणंद गावच्या रमाबाईंशी भीमरावांचा विवाह झाला होता. १२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंत जन्मला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१३ मध्ये, वडिलांच्या मनाविरुद्ध भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. घरी महिन्याभराचे बाळ आणि थकलेले वडील होते. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. ते तातडीने निघाले. वाटेत सुरत स्थानकावर वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून खाली उतरले आणि गाडी निघून गेली. दुसऱ्या गाडीने मुंबईस पोहोचावयास दुसरा दिवस उजाडला. सुभेदारांचे डोळे दाराकडे लागलेले होते. मुलाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरविला आणि थोड्याच वेळात, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, प्राण सोडला. उशिराने का होईना, बापलेकांची भेट झाली. किती घरांत तेवढीही होत नाही.

त्याच वर्षी सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीमुळे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे दार उघडले. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा यशवंत सात महिन्यांचा होता. तेथून १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि ऑगस्ट १९१७ मध्ये परत आले, तेव्हा यशवंत पाचव्या वर्षात होता. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकी केली. पगार चांगला होता, परंतु अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करावयाचे म्हणून घरखर्चाला मोजके पैसे देऊन उरलेले ते साठवीत. त्या साठवणीत राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडील पाच हजार रुपयांचे कर्ज घालून जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि एप्रिल १९२३ मध्ये परतले. हिशेब केला तर यशवंताच्या आयुष्यातील पहिल्या दहा वर्षांपैकी जवळजवळ सात वर्षे त्याचे वडील समुद्रापलीकडे होते.

या सात वर्षांचा भार माता रमाईंनी वाहिला. परळच्या बी. आय. टी. चाळीतल्या दोन लहान खोल्यांत त्या संसार चालवीत होत्या. दीर आनंदरावांच्या निधनानंतर जाऊबाई लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद हेही त्याच घरात होते. लंडनमध्ये बाबासाहेब अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढीत होते आणि मुंबईत रमाई अर्धपोटी राहून मुले सांभाळीत होत्या. पदव्या एकाच्या नावापुढे लागल्या, पण त्यांची किंमत दोघांनी मोजली, आणि लेकरांनीही मोजली.

यशवंताखेरीज या दांपत्याला गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार अपत्ये झाली. चौघेही बालपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९ जुलै १९२६ रोजी गेला. त्यानंतर महिन्याभराने बाबासाहेबांनी आपले मित्र दत्तोबा पवार यांना जे पत्र लिहिले, ते वाचताना आजही हात थरथरतो. तीन मुलगे आणि एक मुलगी मातीआड केलेल्या बापाचे ते पत्र आहे. मुलांवाचून घर आणि आयुष्य कसे रिते झाले, हे त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता त्यात सांगितले. ज्यांना आपण केवळ सिंहगर्जना करताना पाहिले, ते एकांतात असे रडले होते. आम्हांस वाटते, आपल्या मुलांना बाबासाहेबांचे हे रूपही सांगितले पाहिजे. लेकरासाठी रडणारा बाप दुबळा नसतो.

राजरत्नाच्या मृत्यूनंतर आठ महिन्यांनी महाडचा सत्याग्रह झाला. त्याच सुमारास बाबासाहेब मुंबई विधिमंडळाचे सभासद झाले. आणि २८ जुलै १९२८ रोजी, राजरत्नाला जाऊन दोन वर्षे उलटल्यावर, कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना प्रसूतीच्या काळात पगारी विश्रांती मिळावी या विधेयकाच्या बाजूने ते सभागृहात उभे राहिले. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. या विश्रांतीचा खर्च मुख्यतः सरकारने उचलावा, परंतु त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही आपला वाटा द्यावा, हे त्यांनी मांडले. १९२९ साली मुंबई इलाख्यात हा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील अशा स्वरूपाचा तो पहिला कायदा होय. कायद्यात मातेचा विचार होता, पित्याचा नव्हता. त्या काळी तो कोठेही फारसा नव्हता. तरीही एक तत्त्व त्यामुळे रुजले. मूल जन्माला येणे ही केवळ त्या घराची खासगी अडचण नसून तिचा भार समाजाने आणि मालकानेही उचलावयाचा असतो, हे ते तत्त्व. पुढील सर्व रजा याच तत्त्वावर उभ्या आहेत.

२७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाईंनी देह ठेवला. जेमतेम काही सुखाचे दिवस आले होते. १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला आणि हलाखीच्या दिवसांत तिने दिलेल्या सोबतीचे ऋण त्या अर्पणपत्रिकेत मान्य केले. आपल्या यशात घराचा वाटा किती, हे जाहीरपणे सांगणारे पुरुष त्या काळी थोडेच होते.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणींत जाऊन त्यांनी तेथील कामगारांची स्थिती स्वतः पाहिली. युद्धकाळात कोळशाची निकड म्हणून स्त्रियांना भूगर्भात काम करण्यावरची बंदी सरकारने १९४३ मध्ये शिथिल केली होती आणि त्याबद्दल मजूर खात्यावर कडक टीका झाली. ती बंदी १९४६ च्या आरंभी पुन्हा लागू झाली. मधल्या काळात खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्त्या होऊन भूगर्भात काम करणाऱ्या स्त्रियांसाठी अधिक विश्रांतीची तरतूद झाली. कामावरील आईबापांच्या लहान मुलांसाठी खाणींवर पाळणाघरे असावीत, असाही कायदा झाला.

कारखान्यांतील कामगारांविषयी याच काळात दोन गोष्टी घडल्या. वर्षभर काम केलेल्या कामगाराला सलग दहा दिवसांची पगारी सुट्टी देणारी दुरुस्ती १९४५ मध्ये कायद्यात आली. आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आला. हे आकडे वाचताना कोरडे वाटतात. परंतु आठवड्याचे सहा तास म्हणजे रोज एक तास. गिरणीतून एक तास आधी सुटलेला बाप दिवेलागणीला घरी पोहोचतो, मूल जागे असताना पोहोचतो. डबक चाळीत आपल्या वडिलांनी जागून दिलेले ते तास ज्याच्या आयुष्याचा पाया ठरले, त्याच्याच कारकिर्दीत लक्षावधी कामगारांच्या घरी रोजचा एक तास परत आला. दोन्ही गोष्टींचा संबंध त्यांनी स्वतः जोडला होता असे आम्ही म्हणत नाही. वाचकांनी तो मनाशी जोडून पाहावा.

संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुच्छेद ४२ कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांविषयी आहे. अनुच्छेद ४३ मध्ये निर्वाहापुरत्या वेतनासोबत कामगाराच्या फुरसतीचाही उल्लेख आहे. राज्याच्या सर्वोच्च ग्रंथात कामगाराच्या फुरसतीला जागा मिळावी, ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र बाबासाहेबांच्या स्वतःच्या घरात झालेली हानी कायद्याने भरून निघाली नाही. यशवंतराव लहानपणापासून प्रकृतीने नाजूक होते. वडिलांसारखे उच्च शिक्षण त्यांच्या वाट्यास आले नाही. बापलेकांत सर्व काळ गोडवा होता असेही नाही. तरीही भारतभूषण छापखाना त्यांनी सांभाळला आणि ६ डिसेंबर १९५६ च्या महापरिनिर्वाणानंतर भारतीय बौद्ध महासभेची धुरा खांद्यावर घेतली. दादरच्या चैत्यभूमीवरील स्तूप उभा राहिला तो भय्यासाहेबांच्या परिश्रमातून. ज्या वडिलांचा सहवास बालपणी फारसा लाभला नाही, त्यांच्या स्मृतीसाठी मुलाने आपले आयुष्य वेचले. भय्यासाहेबांचे हे मोठेपण आपण पुरेसे ओळखले आहे काय, असे आम्हांस पुष्कळदा वाटते.

बाबासाहेबांनी घरच्या लेकरांना देता न आलेले पितृत्व समाजाच्या लेकरांना दिले, असे म्हटले जाते. १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू झाले, पुढे इतर ठिकाणीही झाली. धारवाडच्या वसतिगृहातील मुलांची चूल पेटली नाही म्हणून रमाईंनी आपल्या हातच्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्याची आठवण आजही डोळ्यांत पाणी आणून सांगितली जाते. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. आपल्या निवासी शाळाही त्याच वाटेवरच्या आहेत. परंतु त्यागाची ही गाथा सांगताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. बाबासाहेबांपुढे जे दोनच मार्ग होते, घर किंवा कार्य, तेच दोन मार्ग आजच्या बापापुढेही असावेत, असा त्या गाथेचा अर्थ नाही. पुढच्या पिढीवर तशी निवड करण्याची पाळी येऊ नये, म्हणून तर कायदे झाले.

आज केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला अपत्यजन्माच्या वेळी पंधरा दिवसांची पगारी पितृत्व रजा मिळते. २०१७ च्या दुरुस्तीने मातांची प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. खासगी नोकरीतील वा रोजंदारीवरील पित्याला मात्र असा कायदेशीर हक्क नाही. आपल्या महाराष्ट्रातील हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. ज्याला पंधरा दिवसांची रजा मिळते त्यानेही ती पुष्कळदा संकोचाने घेतलेली नसते. बाळंतपण हे बायकांचे काम, ही समजूत अजून आपल्या घरांतून गेलेली नाही.

तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला केलेल्या उपदेशात आईवडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. मुलांना अकुशलापासून आवरणे, कुशलाकडे वळविणे, विद्या शिकविणे, योग्य जोडीदार पाहून देणे आणि योग्य वेळी वारसा हाती देणे. यांतले एकही कर्तव्य वेळ दिल्यावाचून पार पडत नाही. त्याच उपदेशात मालकाचीही पाच कर्तव्ये आहेत. शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, गोडधोड वाटून खाणे आणि वेळच्या वेळी सुट्टी देणे. अडीच हजार वर्षांपूर्वी भगवंतांनी सुट्टी हे मालकाचे कर्तव्य म्हणून सांगितले, आणि बाबासाहेबांनी आपल्या अखेरच्या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात मालक-सेवक संबंधांना स्थान दिले.

आपल्या शाळांचे माजी विद्यार्थी आज अधिकारी आहेत, मुकादम आहेत, ठेकेदार आहेत, दुकानाचे मालक आहेत. त्यांच्यापुढे रजेचा अर्ज घेऊन कोणी ना कोणी उभा राहतो. त्या अर्जावर मुलाची भेट, बायकोचे बाळंतपण किंवा बापाचे आजारपण असे कारण असले, तर सही करण्यापूर्वी मसूर स्थानकावर वाट पाहत बसलेली मुले आठवावीत आणि सुरतेच्या स्थानकावर गाडी चुकलेला तो तरुण आठवावा. जे बाप आहेत त्यांनी आपल्या हक्काची रजा निःसंकोच घ्यावी. ज्यांना ती नाही, त्यांच्यासाठी ती मागावी. आणि ज्यांना भेटीच्या दिवशी येणे शक्य नसेल, त्यांनी निदान एक पत्र पाठवावे. ते वेळेवर मुलाच्या हाती पडेल, हे पाहणे हे आम्हा शाळेत काम करणाऱ्यांचे कर्तव्य आहे.